हरकत नसल्यास

३ मार्च, मंगळवार

मेरेडिथ ओडम या बाईंनी आज पहिल्याच भेटीत ताकीद दिली, की पद हातात पडेपर्यंत रोजनिशी म्हणून ठेवायची नाही. उद्या कुणी मागितली तर द्यावी लागते म्हणे. हॉटेलवर परतताना कोपऱ्यावरच्या दुकानातून ही वही घेतली. साठीला टेकलेल्या माणसाला अमुक करू नका म्हटलं की तो नेमकं तेच करतो, हे तिशीतल्या बाईला अजून कळायचंय.

मेरेडिथबाई माझ्या शेर्पा. राष्ट्राध्यक्षांनी एखाद्याचं नाव सुचवलं की त्याला सिनेटचा डोंगर चढवायला असा एक माणूस देतात, आणि त्याला खरोखरच शेर्पा म्हणतात. माझं नाव खाण-सुरक्षेच्या प्रमुखपदासाठी सुचवलंय. काल दुपारी जाहीर झालं. जन्मभर कॉलेजात पोरांना खाणीत हवा कशी खेळवायची ते शिकवलं, आता ती देशभर खेळवायची. अर्थात सिनेटने हो म्हटलं तर.

नादिनला फोन केला. बायकोने अभिनंदन करावं ही माफक अपेक्षा. ती म्हणाली, "रॉइस टॅकेट, आधी नवा सूट घे. त्या जुन्यात तू बँकेत कर्ज मागायला आल्यासारखा दिसतोस."

२२ मार्च, रविवार. कोल्ड फोर्क

घरी आलो. जेवायला टोबी आणि त्याची बायको आर्लीन होते. टोबी नादिनचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच वाढवला, त्यामुळे चाळिशीतल्या या सहा फुटी माणसाला ती अजून "टोब्या, हात धुतलेस का?" असं विचारते. तो बड प्रॅटरच्या खाणीत कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर असतो. आमच्या खोऱ्यात आता तेवढी एकच खाण चालू राहिली आहे.

घेवडा आणि मक्याचा पाव हाणता हाणता टोबी म्हणाला, "दाजी, ते हवेचे पडदे असतात ना, ज्यांच्यावर तुम्ही पुस्तक लिहिलंय? आमच्याकडे ते सणासुदीला लावतात."

"म्हणजे?"

"इन्स्पेक्टर येतो तेव्हा. त्याची गाडी पुलावर दिसली की फाटकावरचा माणूस आत फोन करतो, पाहुणे आलेत. मग आम्ही लगीनघाई करून पडदे टांगायचे. पाहुणे गेले की पुन्हा खाली. पडदा आडवा आला की यंत्र पुढेमागे करायला वेळ जातो, आणि वेळ गेला की बडसाहेबांच्या पोटात दुखतं."

सगळे हसले, मीही हसलो. नंतर भांडी पुसताना मात्र हसू येईना. पडदा नसला की आतल्या टोकाला हवा पोचत नाही. छताखाली वायू साचत जातो, आणि मग एक ठिणगी पुरते. दरवर्षी पहिल्या तासाला मी पोरांना हेच सांगत आलो आहे.

टोबी गाडीत बसताना मी म्हटलं, तक्रारीचा नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही, फोन कर. तो म्हणाला, "मागे ज्याने केला ना, तो आता हमरस्त्यावर कोंबडी तळतोय. दाजी, तुम्हीच बसा की पटकन खुर्चीत. आणि मग आमच्याकडे न सांगता या."

"पहिलं काम तेच," मी म्हणालो. त्याने हातात हात दिला. हात धुतलेला होता.

१४ एप्रिल, मंगळवार. वॉशिंग्टन

सराव सुनावणी. इथे तिला कत्तलखाना म्हणतात. मेरेडिथबाई आणि त्यांचे पाच-सहा सहकारी सिनेटर होऊन उंच टेबलामागे बसतात आणि उमेदवाराला सोलतात. एकाने विचारलं, "प्राध्यापक टॅकेट, आज या घडीला कोणती खाण तुम्हाला धोक्याची वाटते?" मी म्हटलं, "आमच्याच खोऱ्यात एक आहे, बड—"

बाईंनी टेबलावर थाप मारली. "थांबा. काय करताय?"

"उत्तर देतोय."

"उत्तर कुणी मागितलंय?"

मग शिकवणी झाली. सिनेटने हो म्हणेपर्यंत मी कुणीच नाही आणि कुणीतरी असल्यासारखं वागणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. खात्यात फोन करायचा नाही. कुठल्या खाणीचं नाव घ्यायचं नाही. पेपरवाल्यांशी हवापाण्याच्या गप्पासुद्धा नाहीत. मागे एक गृहस्थ होणाऱ्या कचेरीत सहज डोकावले आणि खुर्चीत बसून त्यांनी फोटो काढून घेतला. 'आम्हाला गृहीत धरता काय?' म्हणून सिनेटर असे चिडले की गृहस्थ आजही घरी आहेत.

मी विचारलं, "आणि समजा, उमेदवाराला एखाद्या खाणीचं खरंच काही कळलं तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कळलंय?"

"समजा म्हटलं."

"समजा कळलं, तर तक्रार करायला सगळा देश मोकळा आहे. तुम्ही सोडून."

आहे हे असं आहे. पण त्यांचंही चूक नाही. आत्ता तोंड उघडून पद घालवलं, तर पुढे शेकडो खाणींसाठी जे करता येईल ते एका खाणीपायी जाईल. हा साधा हिशेब आहे.

२२ एप्रिल, बुधवार

मतदानाआधी सिनेटरांच्या घरोघर पाया पडत हिंडायचं असतं. त्याला शिष्टाचार भेट म्हणतात. आज आपल्या माणसाची पाळी होती. सिनेटर लेलंड कॉडिल, आमच्याच राज्याचे. त्यांनी मला सिनेटच्या उपाहारगृहात घेवड्याचं सूप पाजलं. नादिनच्या हाताची सर नाही, पण माणूस आमच्याकडच्यासारखा चमच्याने टेबल वाजवत बोलतो. माझ्या वडिलांचं नाव त्यांना आठवत होतं. "तुझा बाप पंचवीस वर्षं जमिनीखाली होता, रॉइस. तुझ्यासारखा माणूस त्या खुर्चीत बसला नाही तर कोण बसणार?"

माझ्या मनात आलं, हे खातं नाही, पेपर नाही, बोलून चालून घरचा माणूस. इथे बोलायला कसली आडकाठी? आणि मी प्रॅटरच्या खाणीचं सगळं सांगून टाकलं. पडदे, पूल, फाटकावरचा फोन. ते डोळे मिटून ऐकत होते.

"हे कोण म्हणालं तुला?"

"माझा मेहुणा. तिथेच आहे."

"नाव काय त्याचं? अशा माणसाला सांभाळायला हवं."

मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, "टोबी फ्रेली. टोबी फ्रेली." इतका मोठा माणूस, पण एका खाणकामगाराचं नाव ध्यानात ठेवायची तसदी घेतो. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे माझ्यावर सोड. आणि आता कुठे अवाक्षर काढू नकोस. तुझ्या भल्याचं सांगतोय."

पायऱ्या उतरताना बरेच दिवसांनी हलकं वाटलं. नियमही मोडला नाही आणि कामही झालं. मेरेडिथबाईंना हे सांगायचं कारण नाही.

१३ मे, बुधवार

सुनावणी झाली. रिवाजाप्रमाणे घरचे पाठीमागे बसले होते. नादिन निळ्या पोशाखात, आर्लीन, आणि गळपट्टीत सारखं बोट घालणारा टोबी. सुरुवातीला घरच्यांची ओळख करून द्यायची असते. मी टोबीचं नाव घेतलं आणि तो खाणीत असतो म्हटलं, तेव्हा समितीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. टोबीने उठून हात हलवला. नादिनने त्याला कोटाला धरून खाली बसवलं.

तासाभराने तो प्रश्न आलाच. विचारणाऱ्या वयस्कर बाई होत्या, विरोधी बाजूच्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "प्राध्यापक, आत्ता, आपण इथे बोलत असताना, माणसं मरतील अशी एखादी खाण तुम्हाला माहीत आहे का?"

पाठीमागे टोबी होता. त्याच्या नव्या बुटांचा करकर आवाज आला.

मी म्हणालो, "सिनेटर, प्रश्न महत्त्वाचा आहे. सभागृहाने मला ही संधी दिली, तर खात्यातल्या अनुभवी अधिकाऱ्यांकडून माहिती घेऊन मी त्यात प्राधान्याने लक्ष घालेन."

"ठीक आहे" म्हणून बाईंनी पान उलटलं.

बाहेर मेरेडिथबाईंनी चक्क मिठी मारली. तोंडपाठ उत्तर कुठेही अडखळलं नाही म्हणाल्या. टोबी म्हणाला, "झकास बोललात, दाजी. एक अक्षर कळलं नाही, पण झकास." मग आम्ही सगळे जेवायला गेलो. नादिन जेवताना फारशी बोलली नाही. इतक्या लांबच्या प्रवासाची तिला सवय नाही.

२४ मे, रविवार. कोल्ड फोर्क

टोबीची जागा बदलली. पट्ट्यावरून काढून खाणीच्या अगदी आतल्या टोकाला पाठवलंय, कोळसा कापणाऱ्या यंत्रावर. पगार जरा वाढला, पण चालत आत जायलाच घटका जाते. मी विचारलं, असं एकदम? तो म्हणाला, "फोरमन म्हणाला, तुला हवेची फार काळजी ना, जा, बघून ये कशी आहे ती."

हे लोक कामगारांशी कसं बोलतात, त्याचा नमुना म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

४ जून, गुरुवार. वॉशिंग्टन

समितीने नाव मंजूर केलं. त्या चष्मेवाल्या बाई सोडून सगळे बाजूने. आता पूर्ण सभागृह. मेरेडिथबाई म्हणतात, पंधरवड्यात होऊन जाईल. कॉलेजचा राजीनामा दिला. खोली रिकामी करताना वायुवीजनाची जुनी काचेची प्रतिकृती एका विद्यार्थिनीला देऊन टाकली.

१६ जून, मंगळवार

नाव अडलं. कुणीतरी रोखून धरलंय. या सभागृहात शंभरातला एक जण जरी पुढाऱ्याच्या कानात "थांबा" म्हणाला, तरी नाव जागच्या जागी थिजतं. कारण सांगावं लागत नाही आणि आपलं नाव लपवायचं तर तेही बरेच दिवस लपवता येतं. शंभर शहाण्यांनी दोनशे वर्षं बसून हीच रीत शोधली.

कॉडिलसाहेबांना फोन लावला. ते स्वतः फोनवर आले. "अरे, ऐकलं मी. पश्चिमेकडचा कुणीतरी आहे म्हणतात. त्याचं भलतंच काही अडलं असेल, धरण नाहीतर गुरांची चराई. तू शांत राहा. तोंडातून शब्द गेला तर त्याच्या हातात कोलीत मिळेल."

मी आभार मानले. हा एक माणूस नसता तर या गावात मी वेडा झालो असतो. प्रॅटरच्या खाणीचं काही झालं का, तेही विचारलं. म्हणाले, "बोललोय मी. झालं म्हणून समज."

४ जुलै, शनिवार. कोल्ड फोर्क

नदीकाठी गावजेवण. कॉडिलसाहेब आले होते, बाह्या सरसावून डुकराचं मांस कापत होते. शेजारी बड प्रॅटर ताट धरून उभा. मला बघून दोघेही हसले. साहेबांनी हाक मारली, "हा बघा, आमचा होणारा साहेब. बड, याच्यापासून जपून राहा हो!" प्रॅटर म्हणाला, "आम्ही कशाला भिऊ? घरचेच आहेत." माझ्या ताटात सगळ्यात चांगला तुकडा पडला.

टोबी खोकत होता. मी विचारलं, पडदे? तो म्हणाला, "तिकडे आत कसले पडदे, दाजी. तिकडे पाहुणेपण येत नाहीत." मग नेहमीसारखं, "कधी बसताय खुर्चीत?"

"हा महिना. फार तर पुढचा."

"बसा हो. मला काय, मी आहेच."

९ ऑगस्ट, रविवार

सिनेटला उन्हाळी सुट्टी लागली. नाव तसंच लटकलंय. मी घरी, ना प्राध्यापक ना साहेब. दिवसभर दारातल्या झोपाळ्यावर बसून असतो. शेजारीपाजारी आधी विचारायचे, आता विचारत नाहीत.

आज नादिनने विषय काढला. "जिल्ह्याच्या पेपरात ती बाई आहे ना, खाणींवर लिहिणारी. तिला फोन कर."

"करता येत नाही, नादिन. तुला माहितीये."

"का करता येत नाही? बोटं मोडलीत?"

"नाव जाईल."

"मग जाऊ दे! तुझ्या नावाला हवा लागत नाही, टोब्याला लागते."

मी तिला परोपरीने समजावलं. आत्ता बोललो तर एक बातमी येईल, चार दिवस गाजेल, आणि मी कायमचा बाहेर. प्रॅटर दुसऱ्या दिवशी पडदे लावेल आणि आठवड्याने काढेल. खुर्चीत बसल्यावर मात्र एका सहीने खाण बंद करता येईल. ती म्हणाली, "तू आता तुझ्या त्या सुनावणीसारखा बोलतोस." आणि आत निघून गेली.

तरी संध्याकाळी मी पेपरच्या त्या बाईला फोन लावला. तिने "हॅलो" म्हटलं. आवाज तरुण होता. मी माझं नाव सांगितलं, ती खुश झाली आणि म्हणाली, "तुमच्यावरच लिहायचं मनात होतं, रखडलेले उमेदवार म्हणून." मी म्हटलं, सहज फोन केला होता, पुढे बोलू. स्वतःचीच लाज वाटली. फोन केल्याची की न बोलल्याची, ते ठरवता आलं नाही.

८ सप्टेंबर, मंगळवार. वॉशिंग्टन

मेरेडिथबाईंबरोबर कॉफी. थकलेल्या दिसतात, माझ्यासारखी चार लटकलेली माणसं त्यांच्या गळ्यात आहेत. अचानक म्हणाल्या, "रोखणारा माणूस बहुतेक वेळा लांबचा नसतो. ही खुर्ची रिकामी राहिली तर कुणाचं बरं चालतं, ते बघा. तुम्ही त्या 'समजा'वाल्या खाणीबद्दल कुणाशी बोलला होतात?"

"कुणाशीच नाही," मी म्हणालो. म्हणजे कॉडिलसाहेबांशिवाय कुणाशी नाही, पण ते काही 'कुणी' नव्हेत.

त्या कॉफी संपवून उठल्या. या गावात माणसं फार लवकर संशयी होतात. मला तसं व्हायचं नाही.

२७ सप्टेंबर, रविवार

टोबीचा फोन आला. आर्लीनला न सांगता केला होता. आत डोकं दुखतं म्हणाला. वायू मोजायचं यंत्र सारखं वाजतं म्हणून फोरमनने ते पिशवीत घालून ठेवलंय. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "दाजी, मी सोडू का काम?"

मी सोड म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "अजून थोडे दिवस काढ. पुढच्या आठवड्यात नक्की होईल असं साहेब म्हणालेत." त्याच्या घराचे हप्ते आहेत, दुसरं काम खोऱ्यात नाही, वगैरे मीच त्याला सांगत बसलो. त्याला काय ते माहीत नव्हतं?

तो म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणताय तर."

६ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी नादिनचा फोन. खाणीत स्फोट. आतल्या टोकाला अकरा माणसं.

गाडी काढली. रस्त्यात रेडिओ लावला नाही.

८ ऑक्टोबर, गुरुवार. कोल्ड फोर्क

चर्चमध्ये बसून आहोत. बायका सँडविच करत राहतात आणि कुणी खात नाही. आर्लीनने टोबीचं जाकीट मांडीवर घेतलंय. लोक येऊन मला विचारतात, "तुम्हाला यातलं कळतं ना, आत हवा किती वेळ पुरते?" मला कळतं. मी म्हणतो, सांगणं अवघड आहे.

जेवणाच्या सुमारास बचावपथकाचा प्रमुख आला आणि त्याने टोपी काढली. त्याला बोलायची गरजच पडली नाही. नादिनच्या तोंडून जो आवाज आला, तो इतक्या वर्षांत मी कधी ऐकला नव्हता. मी तिला धरायला गेलो. तिने मला हाताने दूर केलं आणि आर्लीनला धरलं.

१२ ऑक्टोबर, सोमवार

टोबीला मूठमाती दिली. टेकडीवर, त्याच्या आईशेजारी. सुनावणीला घेतलेलाच सूट त्याच्या अंगावर होता.

कॉडिलसाहेब सगळ्यांच्या सगळ्या अंत्यविधींना थांबले. त्यांनी मला मिठी मारली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. म्हणाले, "आता कुणाची टाप आहे तुला अडवायची बघतो. हा आठवडा नाही तर पुढचा, माझा शब्द." मी त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

नादिन भांडी विसळत होती. पाठमोरी. म्हणाली, "टोब्याने तुला सांगितलेलं तू कुणाला सांगितलं होतंस?"

"कुणाला नाही. फक्त लेलंडसाहेबांना. एप्रिलमध्ये."

"आणि त्याचं नाव?"

"त्यांनीच विचारलं. आपुलकीने विचारलं, नादिन."

तिने नळ बंद केला. "त्याची जागा मे महिन्यात बदलली."

"हो, मे."

"आणि तुझं नाव अडलं जूनमध्ये."

मी म्हटलं, नावाचं पश्चिमेकडच्या कुणीतरी केलं, साहेबच म्हणाले होते. ती माझ्याकडे वळली. मला वाटलं ओरडेल, पण तिने कपडा खाली ठेवला, बाहेर जाऊन गाडीत बसली, आणि गाडी चालू न करता तशीच बसून राहिली. मग कपडे घेऊन आर्लीनकडे राहायला गेली.

दुःखात माणूस कशाचाही कशाशी संबंध जोडतो. मी तिला दोष देत नाही. मला स्वतःला यावर विचार करायचा नाही, निदान मतदान होईपर्यंत. तोवर डोकं ताळ्यावर ठेवायला हवं.

२० ऑक्टोबर, मंगळवार. वॉशिंग्टन

मेरेडिथबाई म्हणाल्या, अडवणूक उठली. काल संध्याकाळी, आपोआप. कुणी उठवली ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. जवळचा नातेवाईक गेल्यामुळे प्रॅटरच्या खाणीच्या चौकशीला मला हात लावता येणार नाही. ना चौकशी, ना दंड, ना बंदी. नियमच आहे, आणि योग्य आहे. त्या कामापुरता माझ्या जागी दुसरा अधिकारी सही करेल. बाकी देशभरातल्या सगळ्या खाणी माझ्या.

मी म्हटलं, "म्हणजे ती एक सोडून."

"ती एक सोडून," त्या म्हणाल्या. मग हलकेच म्हणाल्या, "तुम्ही मला 'समजा' म्हणाला होतात. मी तेव्हा खोदून विचारायला हवं होतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीच त्यांची समजूत काढली.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी प्रेक्षक सज्जात बसलो होतो. खाली सभागृह जवळपास रिकामं. कॉडिलसाहेब बोलायला उठले. अकरा माणसांची नावं त्यांनी घेतली, बाकीची कागदावरून वाचून, एक मात्र न बघता. "टोबी फ्रेली," ते म्हणाले. नाव त्यांच्या लक्षात होतं. मला भरून आलं, आणि त्याच क्षणी मला सज्जाचा कठडा धरावा लागला. ते का झालं ते मला लिहिता येत नाही. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

मग पीठासीन सदस्याने नावांचा एक गठ्ठा घेतला. कुठले राजदूत, कुठल्या मंडळांचे सभासद, मध्ये कुठेतरी मी. "हरकत नसल्यास," तो खाली बघतच म्हणाला, "ही नावं मंजूर." कुणाचीच हरकत नव्हती. मार्चपासून जे होत नव्हतं ते तो खोकायला थांबला असता तेवढ्या वेळात झालं.

बाहेर पायऱ्यांवर आलो आणि नादिनला फोन केला. ती आर्लीनच्या स्वयंपाकघरात होती. मी म्हटलं, "झालं, नादिन."

"आता बोलायला मोकळा आहेस ना?"

"हो."

"कुणाची परवानगी नको?"

"नको."

"मग थांब," ती म्हणाली. भांड्यांचा आवाज आला, कुणीतरी खुर्ची सरकवली, आणि फोनवर आर्लीन आली.

"दाजी? नादिनताई म्हणतात, तुम्हाला मला काहीतरी सांगायचंय."

पायऱ्यांवर शाळेच्या मुलांचा घोळका फोटोसाठी उभा राहत होता.

मी म्हटलं, "सोमवारी सकाळी शपथविधी आहे."

"अगोबाई, झालं का हो शेवटी?" ती म्हणाली. आवाज रडून बसलेला, तरी त्यात खरा आनंद होता. "अभिनंदन, दाजी. आज टोबी हवा होता. केवढा आनंद झाला असता त्याला."

मी थँक्यू म्हणालो.